शंभर टक्क्यांच्या फलकामागची चौथी

माननीय मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांस,


शिक्षण खाते आपल्याकडे आहे आणि आपला साखळी मतदारसंघ डिचोली तालुक्यातच येतो. त्यामुळे हे पत्र भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर सरकवण्यापेक्षा थेट आपल्यालाच लिहितो. माझी नोकरी अनुदानित हायस्कुलात झाली. पाचवी ते दहावीला गणित शिकवले, त्यात पाचवी जास्त. पुढे जे लिहितो ते सरकारी शाळेच्या बाजूने झुकलेले वाटेल, पण माझे निवृत्तिवेतन अनुदानित शाळेतल्या नोकरीचे आहे, एवढे लक्षात असू द्या.

दहावीचा निकाल लागला की डिचोली बसस्थानकापासून पेडण्याच्या बाजारापर्यंत फलक झळकतात. ‘शंभर टक्के निकाल’, खाली पहिल्या तिघांचे फोटो, त्याखाली व्यवस्थापन मंडळाचे फोटो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तालुकावार टक्केवारी येते, सरकारी शाळा किती आणि अनुदानित किती हेही येते. त्यावरून देवळाच्या मंडपात आणि हॉटेलात चहाबरोबर एकच निष्कर्ष निघतो, की सरकारी शाळांत काही राहिले नाही आणि संस्थांच्या शाळा बऱ्या. कमी पटाच्या सरकारी शाळा विलीन करायच्या, रिकाम्या इमारती संस्थांना द्यायच्या, हा विषय अधूनमधून निघतो तो याच निष्कर्षाच्या आधाराने. हा निष्कर्ष चूक आहे असे मी म्हणत नाही. ज्या आकड्यांवरून तो काढला जातो, त्यांतून तो निघत नाही, हे मात्र गणिताचा शिक्षक म्हणून ठामपणे सांगतो.

आधी एक साधी गोष्ट बघा. राज्याचा दहावीचा निकाल २०२३ ला ९६.६४ टक्के लागला, २०२४ ला ९२.३८ आणि २०२५ ला ९५.३५. म्हणजे २०२४ मध्ये गोव्यातले शिक्षक एकाएकी आळशी झाले आणि वर्षभरात पुन्हा सुधारले असे समजायचे का? २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तरी जवळजवळ सगळा गोवा पास झाला. पेपर, तपासणी, क्रीडा गुण आणि त्या वर्षीची मुले हे सगळे त्या एका टक्केवारीत मिसळलेले असते. आतल्या गावातल्या सरकारी हायस्कुलात दहावीला आठ मुले असली आणि एक नापास झाले, तर निकाल ८७.५ टक्के. शहरातल्या अनुदानित शाळेत १२० मुले असली आणि एक नापास झाले, तर ९९ टक्क्यांच्या वर. दोन्हीकडे नापास झालेले मूल एकच, पण एका मुख्याध्यापकाला खात्याकडून कारणे विचारणारे पत्र जाते आणि दुसऱ्याचा सत्कार होतो.

आता मुद्द्यावर येतो. पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत सरकारी आणि अनुदानित अशा दोन वेगळ्या वाटा मुळात नाहीत. सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि पेडणे-डिचोलीत ती बहुतेक मराठीच. पाचवीपासून हायस्कूल, आणि गोव्यात हायस्कुलांचा मोठा भार अनुदानित संस्थांनी उचललेला. त्यामुळे पाळी, मेणकुरे, लाटंबार्सेचे किंवा तिकडे कोरगाव, इब्रामपूर, चांदेलचे मूल वाड्यावरच्या सरकारी शाळेत अक्षर-अंक शिकते आणि संस्थेच्या हायस्कुलातून दहावी होते. फलक लागतो तो दुसऱ्या टप्प्यावर. चौथीपर्यंत हात धरून लिहायला शिकवलेल्या बाईंचा फोटो कुठल्याच फलकावर नसतो, कारण त्या टप्प्याचा निकाल कुणी मोजतच नाही.

माझ्या पाचवीच्या वर्गात जूनमध्ये हे उघड दिसायचे. एका वर्षी पेडण्याच्या डोंगराळ भागातला एक मुलगा आला. वर्गात चार शब्द बोलायचा नाही, इंग्रजी पुस्तक समोर धरले की मान खाली. मी फळ्यावर तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागायचे उदाहरण घातले. शब्द नाहीत, नुसते अंक. बालवाडीपासून आमच्याच संस्थेत असलेली मुले अजून वहीत समास आखत होती तेव्हा याचे उत्तर तयार होते, आणि बाकी पडताळून पाहण्यासाठी खाली गुणाकारही करून ठेवलेला. तो पडताळा त्याला कुणीतरी शिकवला होता. चार वर्ग एका खोलीत घेऊन बसणाऱ्या कुणा बाईंनी. पुढच्याच आठवड्यात इंग्रजीतून शाब्दिक उदाहरणे सुरू झाली आणि घटक चाचणीत तो नापास झाला. सहा महिन्यांनी वाक्ये कळू लागली, मग सुटला. दहावीला त्याला जे मिळाले ते आमच्या शाळेच्या नावावर जमा झाले. उलट घडलेलेही मी पाहिले आहे, ते लपवत नाही. चौथी पास होऊन आलेल्या, पण हातचा कशाला घ्यायचा हे ठाऊक नसलेल्या मुलांचे जथेच्या जथे. सरकारी प्राथमिक शाळा सगळ्या चांगल्या असे म्हणणारा माणूस त्यांत गेलेलाच नसतो.

ही रचना आली कशी तेही आठवू या. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव, वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा काढल्या. नव्या काबिजादीतल्या आपल्या तालुक्यांत मराठी शिकवणारे खासगी वर्ग त्याआधीही चालत होते, पण गरिबाच्या मुलाला सरकारी शाळेने दार उघडले. हायस्कूल मात्र सगळीकडे पुरले नाही. तिथे गावच्या लोकांनी मंडळे काढली, देणग्या जमवल्या. हरमल पंचक्रोशी शिक्षण मंडळाच्या नावातच ते दिसते, आजूबाजूची गावे मिळून एक शाळा. आपल्या आधी मुख्यमंत्री झालेले लक्ष्मीकांत पार्सेकर अशाच शाळेतले शिक्षक. पुढे पगाराची जबाबदारी सरकारने घेतली. आज अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला वेतन आयोग सरकारी शिक्षकासारखाच लागू आहे आणि पैसा त्याच तिजोरीतून येतो. १९८४ च्या शालेय शिक्षण कायद्याखाली शिक्षक निवडायचा अधिकार मात्र संस्थेकडे, खात्याच्या मान्यतेने.

म्हणजे पैसा सार्वजनिक, कारभार खासगी. अमेरिकेत याला चार्टर शाळा म्हणतात आणि ते हा प्रयोग नवा समजतात. मिनेसोटाने तसा कायदा १९९१ ला केला, आपल्याकडे तो नमुना तोवर जुना झाला होता. त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा बरी झाली, ती म्हणजे मोजमाप. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये चार्टर शाळेतले मूल आणि त्याच्यासारखेच, जवळच्या सरकारी शाळेतले मूल अशा जोड्या लावून वर्षभरातली प्रगती तपासली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के मागे, बाकीच्या ४६ टक्क्यांत काही फरकच नाही. २०२३ च्या अहवालात चित्र पालटले. सरासरीने चार्टरची मुले वाचनात सोळा आणि गणितात सहा शाळा-दिवसांइतकी पुढे. सगळे मिळून फरक बेताचाच, आणि त्यातही घरबसल्या संगणकावर चालणाऱ्या चार्टर शाळा फारच मागे. बॉस्टनमध्ये आणखी चोख काम झाले. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघायची. सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुले घरच्या दृष्टीने सारखीच असतात, दोघांच्याही पालकांना ती शाळा हवी होती. त्यांची पुढे तुलना केली तेव्हा तिथल्या शाळांनी खरोखर मोठी भर घातल्याचे दिसले. शहर बदलले, शाळा बदलली की उत्तर बदलते. ‘संस्थेची शाळा बरी की सरकारी’ या प्रश्नाला एकच उत्तर कुठेच मिळालेले नाही.

अमेरिका राहू द्या. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी हाच सोडतीचा प्रयोग खेड्यांत केला. सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेची फी भरता येईल अशी मदत, आणि ती कुणाला मिळणार ते सोडतीने. चार वर्षांनी पाहिले तर तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच. हिंदीत खासगीतली मुले पुढे, कारण सरकारी शाळेत त्या वयाला हिंदी शिकवतच नव्हते. मात्र खासगी शाळेचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. खासगीकरणाचे समर्थक हा शेवटचा आकडा मोठ्याने वाचतात. आपल्याकडे तो लागू नाही, हे सांगायला हवे. तिथला खर्च कमी होता कारण तिथल्या खासगी शिक्षकाला तुटपुंजा पगार होता. गोव्यात अनुदानित शिक्षकाचा पगार आपणच पूर्ण देता. सरकारी शाळा संस्थेला दिली तर खजिन्याची बचत होणार नाही. मग द्यायची तर ती शिकण्यात भर पडते म्हणूनच द्यायची, आणि भर पडते की नाही याचा पुरावा आपल्या खात्यापाशी नाही.

पुरावा का नाही? कारण दोन्ही शाळांत मुले येतात ती वेगवेगळ्या चाळणीतून. बालवाडीपासून सुरुवात होते. संस्थेकडे बालवाडी असते, तीन वर्षांचे मूल तिथे आले की पहिलीला दुसरीकडे जात नाही. सरकारी शाळेला ते मूल सहाव्या वर्षी मिळणार, तेही उरले तर. मग बालरथ, म्हणजे अनुदानित शाळांची बस. सकाळी साडेसातला कुठल्याही वाड्यावर उभे राहा. सरकारी शाळेच्या गेटसमोर पिवळी बस थांबते, मदतनीस ताई खाली उतरून दप्तरे आत घेतात, दहा-बारा मुले चढतात, बस चार किलोमीटरवरच्या शाळेकडे निघते. गेटच्या आत बाई कुलूप काढत असतात. बस सरकारच्या पैशाची, बाईंचा पगारही सरकारचाच. आपण एका हाताने शाळा चालवतो आणि दुसऱ्या हाताने तिची मुले गाडीत भरून पाठवतो, वर पट कमी झाला म्हणून तिच्यावर ठपका ठेवतो. पालकांना मी दोष देत नाही. मूल दारात बसमध्ये चढते आणि दारात उतरते, ही सोय कुणाला नको?

प्रवेशाच्या वेळी मुलांची चाचणी घेऊ नये असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ सांगते. तरी पाचवीच्या प्रवेशाला ‘सहज दोन प्रश्न’ विचारले जातात, हे शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘दुसरीकडे बघा, दाखला लगेच देतो’ असे सांगितलेलेही मी कानांनी ऐकले आहे. तो दाखला घेऊन मूल सरकारी हायस्कुलात जाते. संस्थेचा निकाल त्या मुलाइतका वर चढतो, सरकारीचा तितकाच खाली येतो, आणि एका अक्षराचेही शिकवणे कुठे बदललेले नसते.

धारगळ, मोपा, तुये भागात आणखी एक चाळणी. विमानतळाच्या कामाने आणि औद्योगिक वसाहतींमुळे बाहेरची कुटुंबे आली, डिचोलीच्या वसाहतीतही तेच. ऑगस्टमध्ये एखादे कन्नड बोलणारे मूल येते, जानेवारीत बाप दुसऱ्या कामावर गेला की जाते. त्याला सरकारी शाळा नाही म्हणत नाही, म्हणू शकत नाही. बाई त्याला मराठी शिकवतात, दुपारी बचत गटाची पाव-भाजी वाढून घेतात, मधल्या वेळात खात्याची माहिती मोबाईलवर भरतात आणि निवडणूक आली की मतदार यादीचे बीएलओ होऊन घरोघर फिरतात. शाळेत दुसरे शिक्षकच नसतील तर त्या दिवशी शाळेचे काय होते ते आपणच समजा. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही किमान दोन शिक्षक हवेत, असे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत २००९ पासून लिहिलेले आहे. एकशिक्षकी शाळा बेकायदा चालवायची आणि मग ती चालत नाही म्हणून बंद करायची, हा प्रकार आपल्या सरकारने सुरू केलेला नाही, पण चालू आहे तो आपल्या काळातही.

विलीनीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. एका पंचायतीत पाच वाड्यांवर पाच एकशिक्षकी शाळा असण्यापेक्षा चार शिक्षकांची, आवारातच अंगणवाडी असलेली एक शाळा केव्हाही बरी. मुलाला बरोबरीची मुले मिळतात, वर्गाला वर्गशिक्षक मिळतो. पण मग बालरथ त्या शाळेलाही द्या, आणि शाळा बंद करायच्या आधी द्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी पानशेत आणि तोरणमाळचा समूह शाळेचा नमुना पुढे केला तेव्हा लोक चिडले, कारण शाळा जाणार हे नक्की होते आणि गाडी येणार हे सरकारच्या शब्दावर होते. त्याच महिन्यात सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक द्यायची योजनाही आली, त्यामुळे संशय दुणावला. मुंबईत मात्र आकांक्षासारख्या संस्था महापालिकेच्या इमारतींत वर्षानुवर्षे शाळा चालवत आहेत आणि पालक तिथे रांगा लावतात. संस्थेला शाळा देणे हे पाप नव्हे. पण कोणत्या संस्थेला, कोणत्या कराराने, आणि काय झाले नाही तर परत घेणार, हे आधी लिहून ठेवावे लागते. निव्वळ शिकवणे वाईट म्हणून अनुदान बंद झालेली एक तरी शाळा आपल्या दोन तालुक्यांत दाखवता येईल का? मला तरी आठवत नाही.

संस्थांचे श्रेय जिथे आहे तिथे द्यायला हवे. अनुदानित शाळेतला शिक्षक वीस-पंचवीस वर्षे एकाच जागी राहतो. मुलाचा मोठा भाऊ, कधी कधी बापही, त्याच्या हाताखालून गेलेला असतो. दांडी मारली की त्याच संध्याकाळी घरी निरोप जातो. सरकारी शिक्षक गावाला ओळखू लागेपर्यंत बदलीचा आदेश येतो. लेक्चर बेसिसवरचा तर जूनमध्ये आला आणि दिवाळीनंतर दुसरी नोकरी मिळाली की गेला. माझ्या मते दोन शाळांतला खरा फरक असलाच तर इथे आहे, आणि तो भरून काढायला शाळा कुणाला द्यावी लागत नाही. प्राथमिक शिक्षकाला एका शाळेत निदान मुलांच्या एका तुकडीची चार वर्षे पुरी करू द्या.

आता मागणे. यूडायसमध्ये प्रत्येक मुलाचा कायमचा क्रमांक आहे, आता अपार ओळखपत्रही आले. चौथीत वझरीच्या सरकारी शाळेत असलेले मूल दहावीला कुठे बसले आणि त्याला किती गुण मिळाले, हे जोडून पाहणे संगणकाला एका दुपारचे काम आहे. उणीव आहे ती सुरुवातीच्या मोजमापाची. चौथीच्या शेवटी आणि पाचवीच्या सुरुवातीला वाचन आणि गणिताची एक छोटी तपासणी घ्या, मराठीतून, पास-नापास न करता, सरकारी आणि अनुदानित दोन्हीकडे सारखीच. तपासायला शाळेतले शिक्षक नकोत, पर्वरीच्या डाएटमधले भावी शिक्षक पाठवा, त्यांनाही वाडे बघायला मिळतील. मुलांची नावे जाहीर करू नका, शाळांची करा. तीस गुणांवर घेतलेल्या मुलाला पंचावन्नवर नेणारी शाळा आणि सत्तरवर घेतलेल्याला पंच्याहत्तरवर सोडणारी शाळा, यांतली कोणती जास्त शिकवते हे लोकांना मग कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे, शहरातल्या ज्या अनुदानित शाळांत पाचवीला जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, तिथे पालकांसमोर उघड सोडत काढायला लावा. अनुदान सरकारचे आहे, एवढी अट घालता येते. ‘सहज दोन प्रश्न’ बंद होतील, आणि आंध्रात ज्यासाठी मुलांची फी भरावी लागली तो अभ्यास आपल्याला फुकटात मिळेल. नववीतून दहावीत जाताना कोणत्या शाळेतून किती मुले बाहेर गेली आणि ती कुठे दाखल झाली, हा तक्ताही यूडायसमधूनच निघतो.

याला पाच-सहा वर्षे लागतील, निवडणूक त्याआधी येईल, हे मला कळते. तोवर निदान एवढे करता येईल. पुढचा दहावीचा निकाल बोर्ड जाहीर करेल तेव्हा शाळानिहाय टक्केवारीच्या शेजारी आणखी दोन रकाने छापायला सांगा. एकात नववीला किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीला बसली, दुसऱ्यात बसलेल्यांपैकी किती जणांची चौथी सरकारी शाळेत झाली. दोन्ही आकडे खात्याला शाळांकडून मागवता येतील. आणि हे रकाने छापून होईपर्यंत पेडणे किंवा डिचोलीतली एकही सरकारी प्राथमिक शाळा कुणाच्या हवाली करण्याच्या फायलीवर सही करू नका.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक निवृत्त गणित शिक्षक